काँक्रीटची कौलं: आधी कौल ठरवायचं की आधी फिटिंग? माझं मत फिटिंग

उतरती_पाखी
घर बांधतोय, छपराला काँक्रीटची कौलं हे नक्की झालंय. गेले दोन महिने घरात एकच चर्चा, रंग करडा की विटकरी आणि कौल लाटांचं की सपाट. मी आधीच्या घरात भोगलंय म्हणून लिहितोय. तिथली कौलं एक नंबर होती, एकही फुटलं नाही, पण चौथ्या वर्षी आढ्याजवळचा वासा काळा पडलेला दिसला, वर चढून बघतो तर रिजच्या, म्हणजे आढ्यावरच्या, कौलांखालचा सिमेंटचा माल तडकून सुटलेला, रिज उचलली तर अलगद हातात आली. दुसरी गळती पन्हळीत, जिथे दोन पाखी मिळतात तिथे, पत्रा अरुंद होता आणि कौलांचे कापलेले तुकडे बांधलेच नव्हते, ते घसरत खाली आले होते. म्हणजे पाणी कौलातून आलंच नाही, ते कडांनी आणि सांध्यांनी आलं. म्हणून माझं म्हणणं, रिज, हिप (दोन पाखींमधली बाहेर आलेली तिरपी कड), व्हर्ज (पाखीची बाजूची कड), पन्हळीचा पत्रा, वळचणीची जाळी, क्लिपा आणि खिळे हे सगळं आधी ठरवा, ज्या कंपनीकडे हा सेट पूर्ण मिळतो तिचंच कौल घ्या, रंग सगळ्यात शेवटी.

माल_आणि_थापी
मालाला उगाच बदनाम करू नका दादा. मी कौलं बसवण्याचंच काम करतो. माल तडकतो कारण लोक सिमेंट जास्त घालतात, जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो. तापलेली कोरडी रिज न भिजवता बसवली की ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि पकड धरतच नाही. शिवाय पूर्ण पोकळी भरून टाकतात, ते चूक आहे, दोन्ही कडांखाली पट्टी आणि सांध्याला भरीव माल एवढंच हवं. ड्राय रिजची, म्हणजे मालाऐवजी रिजखाली लावतात ती, चिकट पट्टी मी काढलेली आहे, कौलावरची धूळ न पुसता चिकटवलेली, एका बाजूने पूर्ण सुटलेली. मग दोष पट्टीचा म्हणायचा का?

उतरती_पाखी
भिजवायचा मुद्दा मान्य. पण लाकूड फुगतं आणि आकसतं, वासे थोडे तरी हलतात, माल ताठ राहतो. कितीही चांगला केला तरी नुसत्या मालाच्या जिवावर रिज सोडणं मला पटत नाही. ब्रिटनच्या बीएस ५५३४ या मानकातसुद्धा २०१४ च्या आवृत्तीपासून तेच आहे, माल वापरा पण त्याच्या जोडीला स्क्रू किंवा क्लिप हवीच. वारा कौलाला खाली दाबत नाही हो, वर ओढतो, आणि आढं आणि कडा इथे ती ओढ सगळ्यात जास्त.

भार_आधी
तुम्ही दोघं फिटिंगवर भांडताय पण पहिला प्रश्न भाराचा आणि उताराचा. काँक्रीटचं एक कौल साधारण साडेचार किलो, चौरस मीटरला दहाएक लागतात, म्हणजे ४५ किलो. १०० चौरस मीटरची पाखी धरली तर साडेचार टन नुसती कौलं. पत्रा चौरस मीटरला पाचेक किलो असतो, त्यामुळे पत्रा काढून त्याच वाशांवर कौलं चढवायची म्हणणाऱ्यांनी आधी स्ट्रक्चर तपासून घ्यावं. आणि उतार बघा, खाचेत बसणाऱ्या बऱ्याच कौलांना कमीत कमी साडेसतरा अंश लागतो, काहींना त्याहून जास्त. उतार कमी तर कौलावर कौल जास्त चढवायचं, ७५ मिलीमीटरऐवजी १०० वगैरे. कौल ४२० मिलीमीटर लांब असेल तर रिपांमधलं अंतर ३४५ वरून ३२० वर येतं, कौलंही वाढली आणि वजनही वाढलं. उतार चुकला की कुठलंच फिटिंग वाचवत नाही.

उतरती_पाखी
बरोबर आहे, पण भार आणि उतार इंजिनियर ड्रॉइंगमध्ये दाखवतो. पन्हळीचा पत्रा किती रुंद, व्हर्जला काय, हे माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हतं, ते साइटवर ज्याला जे सुचलं ते झालं. जे कुणीच ठरवत नाही ते आधी ठरवा एवढंच म्हणतोय.

भट्टीतलं_लाल
मुळात काँक्रीट कशाला? मातीच्या कौलाचा रंग भाजून आलेला असतो, तो जात नाही. काँक्रीटवर वरून थर दिलेला असतो, काही वर्षांत फिका पडतो, आतली वाळू दिसायला लागते. आणि तुम्ही म्हणता रंग शेवटी! छप्पर रोज डोळ्यांना दिसतं, स्क्रू दिसत नाही.

भार_आधी
रंग फिका पडतो हे खरं, पण पूर्ण मालात आयर्न ऑक्साइड मिसळलेलं कौल घेतलं तर ते फार सावकाश होतं. नव्या कौलांवर पांढुरकं येतं तो चुना असतो, पावसाने हळूहळू जातो, त्याला घाबरून कौलं परत पाठवू नका. प्रेशरचं पाणी मात्र मारू नका, वरचा थर निघतो. आणि काँक्रीटची कौलं काही कालची नाहीत, बव्हेरियात १८४० च्या दशकापासून होतात. साच्यातून येतात म्हणून मापं सारखी पडतात, भट्टीत माती थोडीफार वाकते. फिटिंगची बाजू घेणाऱ्यांना तर हाच फायदा मोठा.

भट्टीतलं_लाल
चांगल्या भट्टीचं कौल वाकत नाही, निवडून घ्यावं लागतं इतकंच. माझं मत तेच आहे.

पहिलंच_घर
मला एक सांगा, दुकानदार म्हणतोय रिज दुसऱ्या कंपनीची घ्या, काही फरक पडत नाही. आमचं कौल खोल लाटेचं आहे.

माल_आणि_थापी
फरक पडतो ताई. खोल लाटेवर सपाट कडेची रिज ठेवली की खाली बोटभर खिंडी राहतात, मग त्या भरायला माल कोंबतात, तोच पुढे पडतो. एकाच कंपनीचं घ्या. रंगाचं म्हणाल तर तीन-चार वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून कौलं मिसळून लावायला सांगा, नाहीतर पाखीवर पट्टे दिसतात. आणि थोडी जादा घेऊन ठेवा, पुढे तोच रंग मिळेलच असं नाही.

आणि उतरती_पाखी, तुमच्या बाबतीत मी एवढं मानतो की रिजच्या खाली लाकडी पट्टी घालून त्यात वॉशरसकट स्टेनलेसचा स्क्रू मारा, हे मी स्वतःही करतो. पण त्याखालची ती चिकट पट्टी मला अजून पटलेली नाही.

उतरती_पाखी
पट्टीशिवाय वाऱ्याबरोबरचं पाणी कसं अडवणार? आढ्यातून हवाही खेळायला हवी, मालाने बंद केलं की आतला दमटपणा तिथेच बसतो, माझा वासा काळा पडायला तेही कारण होतंच. कौल ब्रशने घासून, पूर्ण कोरडं असताना पट्टी दाबून लावली तर?

माल_आणि_थापी
तसं कुणी करत असेल तर टिकेल. पण वर उभं राहून बघणारं माणूस लागतं. आणि वळचणीची पहिली ओळ विसरू नका, तिच्या खाली कौल नसतं, म्हणून फळी तेवढी उंच ठेवायला लागते, नाहीतर ती ओळ खाली झुकते आणि तिथेच पाणी मागे येतं.

उतरती_पाखी
हे माझ्या यादीत नव्हतं. फळी अजून बसलेली नाही, उद्या सुताराला आधी कौल हातात देऊन उंची घ्यायला सांगतो.