मदत हवी आहे: काइराकुएन स्टेशनला उतरलो तर टोकियोला परतायचं कसं?

नमस्कार. आईबाबा सोलापूरहून आमच्याकडे टोकियोत निशिकासाईला आलेत. येत्या रविवारी त्यांना मितो शहरात उमेचा बहर दाखवायला नेतोय. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं झाड. काइराकुएन बागेत अशी सुमारे ३,००० झाडं आहेत, शंभरेक जातींची.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. जोबान मार्गावर अकात्सुका आणि मितोच्या मध्ये, अगदी बागेच्या पायथ्याशी १९२५ पासून एक स्टेशन आहे आणि ते फक्त बहराच्या दिवसांत, तेही शनिवार-रविवार नि सुट्टीलाच उघडतं, हे ऐकल्यापासून ते म्हणतायत, "उतरायचं तर तिथंच." मला त्यांची ही हौस पुरवायचीच आहे.

अडचण अशी की तिथं फलाट फक्त टोकियोहून मितोकडे जाणाऱ्या गाड्यांना आहे. उलट दिशेची गाडी समोरून निघून जाते. मग परत येताना आधी मितोला जाऊन गाडी बदलायची का? शिवाय आईचे गुडघे दुखतात आणि स्टेशनपासून बागेपर्यंत चढ आहे. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का?

प्रतिसाद:
हो, गाडी मितोलाच बदलावी लागते. पण बाग बघून झाल्यावर तुम्ही उतार उतरून परत त्या स्टेशनकडे येऊच नका. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं. बाबांच्या मनासारखं काइराकुएनला उतरा, तोकिवा देवळाच्या बाजूने सावकाश चढा आणि पूर्वेच्या दारातून आत जा. वर आलं की उमेची राई बरीचशी सपाटीवर आहे. शेवटी बागेच्या दर्शनी दारातून बाहेर पडा, तिथून मितो स्टेशनला बस मिळते.

खरं तर १८४२ साली मितोचे सरदार तोकुगावा नारिआकी यांनी बाग बांधली तेव्हाचा क्रम उलटा आहे: दर्शनी दारातून बांबूच्या गर्द सावलीत शिरायचं आणि मग उमेच्या उजेडात यायचं. तुम्हाला सावली शेवटी मिळेल, दमलेल्या आईंना ती बरीच वाटेल. कोबुनतेई या तीन मजली लाकडी वाड्यात जिने आहेत, आईंना खालीच बसवा.

त्या स्टेशनवर गाड्या दिवसाच थांबतात, तेव्हा सकाळी लवकर निघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते चढ चढेन. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून सकाळची कुठली गाडी तिथं थांबते, तेवढं कुणी सांगाल का?