मदत हवी आहे: स्टेट मशीनच्या जेनेरिक मेथडला माहितीचा प्रकार वेगळा सांगावाच लागतो का?

युनिटी या गेम इंजिनात सी शार्प भाषा वापरून एक टू-डी गेम करतोय. नायकाच्या अवस्थांचे वेगवेगळे क्लास आहेत: उभा, धाव, उडी, धक्का. सगळे 'अवस्था' हा इंटरफेस (कोणत्या मेथड असायलाच हव्यात याची यादी) पाळतात आणि स्टेट मशीन, म्हणजे नायकाची अवस्था सांभाळणारा क्लास, त्यांना डिक्शनरीत ठेवतं. बदल ही जेनेरिक मेथड आहे, म्हणजे तिला प्रकार कोनी कंसात सांगायचा; अवस्था बदलायची तर बदल<उडी>() एवढंच लिहितो (कोडमधली नावं इथे मराठीत देतोय). व्हेअरची अट (कोणते प्रकार चालतील याचं बंधन) घातल्यामुळे भलताच क्लास दिला तर कंपायलर तिथेच अडवतो.

अडलंय ते धक्क्यापाशी. या अवस्थेत शिरताना दिशा आणि जोर लागतो, ते दोन्ही 'मार' या स्ट्रक्टमध्ये आहेत. आधी प्रवेश() मेथडला ऑब्जेक्ट प्रकारचा पॅरामीटर होता. पण मग स्ट्रक्टचं बॉक्सिंग होतं, म्हणजे त्याची प्रत ऑब्जेक्टमध्ये गुंडाळली जाते, त्यासाठी दर वेळी मेमरीतल्या हीपवर जागा घेतली जाते, आणि शत्रूंचा घोळका अंगावर आला की ती नको झालेली मेमरी, म्हणजे कचरा, प्रोफायलरमध्ये (गेमचा वेग-मेमरी मोजणाऱ्या साधनात) दिसतो. शिवाय चुकीचा प्रकार गेला तर गेम चालू असताना एक्सेप्शन येतं. मला ते कंपाइल होतानाच पकडलं जायला हवं.

म्हणून माहितीसह<टी> हा इंटरफेस केला, धक्का त्यातला माहितीसह<मार> पाळतो, आणि आता असं लिहितो (घाव हे मार प्रकारचं व्हेरिएबल):

बदल<धक्का, मार>(घाव);

हे चालतं. पण धक्का म्हटलं की मार ठरलेलाच, घावचा प्रकारही समोर दिसतोय, तरी बदल<धक्का>(घाव) कंपायलर नाकारतो. एकच प्रकार सांगून भागेल असा मार्ग आहे का? रिफ्लेक्शन (गेम चालू असताना प्रकार तपासणं) नको आहे.

प्रतिसाद:
सी शार्पमध्ये टाइप आर्ग्युमेंट (कोनी कंसातले प्रकार) एकतर सगळी लिहायची, नाहीतर सगळी कंपायलरवर सोडायची. आणि ती ओळखताना तो मेथडच्या पॅरामीटरांकडे बघतो, व्हेअरच्या अटीकडे नाही. त्यामुळे अवस्थेचं ऑब्जेक्टच हातात द्या:

बदल(_धक्का, घाव);

मेथडचा पहिला पॅरामीटर माहितीसह<टी>, दुसरा नुसता टी. टी म्हणजे मार हे आपोआप कळतं, बॉक्सिंगही होत नाही. यासाठी डिक्शनरी लागत नाही, अवस्था _धक्का अशा फील्डमध्ये ठेवा.

एक मात्र नक्की करा. प्रवेश() ही मेथड 'अवस्था' या मूळ इंटरफेसमधून काढा, तिथे फक्त अपडेट आणि निर्गम राहू द्या. माहिती न लागणाऱ्या अवस्थांसाठी 'साधी' असा वेगळा इंटरफेस करा, आणि 'साधी' व 'माहितीसह' दोन्ही 'अवस्था'वरून घ्या. नाहीतर माहिती न देताच कुणीतरी धक्क्यात शिरेल आणि कंपायलर काही म्हणणार नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार, चाललं! आता धक्क्यात बॉम्बच्या स्फोटानेही शिरायचंय, त्याची माहिती वेगळी आहे. धक्का या एकाच क्लासने माहितीसह<मार> आणि माहितीसह<स्फोट> दोन्ही पाळले तर कंपायलर गोंधळेल का?

प्रतिसाद:
नाही. पहिल्या आर्ग्युमेंटवरून त्याला काही ठरवता येणार नाही, पण दुसऱ्यावरून टी ठरेल. प्रवेश(मार) आणि प्रवेश(स्फोट) दोन्ही लिहा.