बॅटरी मॉनिटर ७८ टक्के दाखवतो, मल्टिमीटर १२.० व्होल्ट : खरे कोणते?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. राहण्याच्या भागासाठी १२ व्होल्ट, १५० एएचची (ॲम्पियर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी असून ती प्रवासात रिलेमार्फत (आपोआप जोडणाऱ्या स्विचमार्फत) अल्टरनेटरवर आणि घरी चार्जरवर चार्ज होते. तिला शंटचा (निगेटिव्ह केबलमध्ये बसवलेल्या, करंट मोजणाऱ्या पट्टीचा) मॉनिटर बसवलेला आहे. वडिलांना झोपेत सीपॅप यंत्र (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावावे लागते व ते इन्व्हर्टरवर रात्रभर चालते, त्यामुळे बॅटरीत किती उरले आहे हे मला खात्रीने कळायला हवे. चंदगडमार्गे जाऊन आंबोलीला मुक्काम केला, तेव्हा झोपताना मॉनिटरवर १०० टक्के होते आणि सकाळी ७८. मात्र फ्रीज, पंखा, इन्व्हर्टर सर्व बंद करून तासाभराने मल्टिमीटर लावला, तर १२.० व्होल्टच आले. कोणाचे खरे मानावे?

उत्तर १ (खानापूर)
मल्टिमीटरचे. लेड-ॲसिड बॅटरी भार काढून विसावली की पूर्ण भरलेली असताना साधारण १२.७, निम्मी असताना १२.२ आणि पाव उरली असताना १२.० व्होल्ट दाखवते. मॉनिटर बॅटरीच्या आत पाहत नाही; शंटमधून गेलेल्या-आलेल्या करंटचा तो फक्त जमाखर्च मांडतो, आणि जो करंट शंटला वगळून जातो तो त्याच्या हिशेबात येतच नाही.

माझा पहिला संशय इन्व्हर्टरच्या निगेटिव्ह केबलवर आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटकडे जाणारी एकच केबल हवी. इन्व्हर्टर, चार्जर आणि चेसिसची अर्थिंग हे सर्व शंटच्या दुसऱ्या बाजूला यायला हवे. खात्री करणे सोपे आहे : इन्व्हर्टरला सोसत असेल तर त्यावर ७५० वॅटची इस्त्री मिनिटभर लावा आणि मॉनिटरवरचे ॲम्पियर पाहा. सत्तरच्या आसपास आकडा यायला हवा. सीपॅप आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून ५ ॲम्पियर धरले, तर नऊ तासांत ४५ एएच, म्हणजे ३० टक्के होतात.

उत्तर २ (निपाणी)
वरील हिशेब पटतो, पण ७८ मधून ३० वजा केले तरी ४८ उरतात आणि १२.० व्होल्ट म्हणजे २५. राहिलेला फरक झोपतानाच्या त्या १०० टक्क्यांत असावा. बेळगावहून आंबोलीपर्यंतच्या दोन-तीन तासांत रिलेवर अर्धवट बॅटरी पूर्ण भरत नाही. शेवटचा भाग भरायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. मॉनिटरमध्ये ‘पूर्ण चार्ज’चे व्होल्टेज १३.२ आणि करंटची मर्यादा (करंट इतका उतरला की बॅटरी भरली असे मानायचे) क्षमतेच्या ४ टक्के अशी सेटिंग असेल, तर तुमच्या बॅटरीसाठी ती मर्यादा ६ ॲम्पियर होते. बारीक व लांब केबलमुळे करंट तेवढाच येत असेल, तर बॅटरी भरली असे समजून मॉनिटर स्वतःहून १०० वर जातो. तुमचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जात असेल, तर हे व्होल्टेज १४.१ आणि करंटची मर्यादा २ टक्के ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तरी बॅटरी घरी रात्रभर चार्जरवर पूर्ण भरू द्यावी.

ट्युब्युलर बॅटरी असल्याने हायड्रोमीटरही (सेलमधील ॲसिडची घनता मोजणारी नळी) वापरता येतो आणि त्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. पूर्ण भरल्यावर सहाही सेलमध्ये १२४० च्या जवळ आणि एकमेकांशी जुळणारे आकडे यायला हवेत. एखादाच सेल बराच खाली असेल, तर दोष बॅटरीत आहे. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्या पेटीतून हवा गाडीबाहेर जाण्याची सोय आहे ना, हेही वडील आत झोपत असल्यामुळे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. इस्त्री लावल्यावर मॉनिटरवरचा आकडा ४ वरून हललाच नाही. निगेटिव्ह टर्मिनलवर एकाच बोल्टखाली दोन लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) निघाले, त्यातील जाड केबल इन्व्हर्टरची आहे. ‘पूर्ण चार्ज’चे व्होल्टेजही १३.२ च होते, ते बदलले. केबल शंटवर घेताना आणखी काय सांभाळावे?

उत्तर १ (खानापूर)
आधी इन्व्हर्टर व चार्जर बंद करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढून मगच पाना लावा आणि लग घट्ट बसला आहे हे हाताने हलवून पाहा. शिवाय बऱ्याच सीपॅप यंत्रांना १२ व्होल्टवर चालणारा ॲडॅप्टर मिळतो. तुमच्या मॉडेलचा मिळाला, तर रात्री इन्व्हर्टर लावायची गरजच उरणार नाही.