लायला खोटं बोलत नाही

'फ्रायडे नाइट लाइट्स' या अमेरिकन फुटबॉलवरच्या मालिकेत जेसन सामन्यात मणक्याला मार लागून अधू होतो. त्याची मैत्रीण लायला हॉस्पिटलमध्ये त्याला 'तू पुन्हा खेळशील' म्हणत राहते, तो एकांना खोटेपणा वाटला. मला नाही पटलं. जिवाभावाची माणसं असंच करतात हो. माझा मावसभाऊ इथे ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर फास्ट बोलिंग टाकायचा. 17व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मावशी दर रविवारी त्याचे स्पाइक्स जुन्या टूथब्रशने घासून गॅलरीत उन्हात ठेवायची. "लागतील की!" तो भिंतीकडे तोंड करून पडलेला.

ते बूट बघून पायापेक्षा जास्त दुखायचं, हे त्याने मला वर्षभराने सांगितलं. मावशीला अजून माहीत नाही. जेसन पुढे व्हीलचेअर रग्बीकडे वळतो ना, तो भाग आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. भाऊ एक शब्द बोलला नाही, फक्त रिमोट घेऊन परत मागे नेला.