अश्रुग्रंथीची गाठ: थांबावं की लगेच दाखवावं?

प्रश्न: आईच्या वरच्या पापणीत, कानाकडच्या कोपऱ्यात सूज आहे. दुखत नाही, पण वर्षभरात वाढलीय. रांजणवाडी समजून शेक द्यावा का?

प्रतिसाद १: शेक नको. रांजणवाडी पापणीच्या कडेला येते, दुखते आणि बहुधा आठवडाभरात बसते. अश्रू तयार करणारी अश्रुग्रंथी भुवईच्या हाडाखालच्या खोबणीत, कानाकडच्या बाजूला, म्हणजे आईची सूज आहे तिथेच असते. तिथली गाठ डोळ्याला खाली आणि नाकाकडे ढकलते. जुना फोटो शेजारी धरून बघा. एकाचे दोन दिसतात का, तेही विचारा.

प्रतिसाद २: न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठ बऱ्याचदा प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा असते, म्हणजे साधी, कर्करोग नसलेली. पण तुकडा काढून तपासायची घाई नको! आवरण फुटलं की पेशी सांडतात आणि गाठ वर्षांनी परत येते, कधी कर्करोग होऊन. आधी सीटी स्कॅन, मग आवरणासकट अख्खी काढतात. लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) संशय असेल तर मात्र तुकडा घ्यावाच लागतो. म्हणून चष्म्याचा नंबर काढणारे नव्हेत, ऑक्युलोप्लास्टी सर्जन (पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया करणारे) गाठा.

प्रतिसाद ३: काही महिन्यांतच वाढलेली, दुखणारी, भुवईपाशी बधिरपणा आणणारी गाठ असेल तर याच आठवड्यात दाखवा. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा या ग्रंथीचा कर्करोग मज्जातंतूंच्या कडेने पसरतो. दोन-चार दिवसांत आलेली लाल, गरम सूज बहुधा ग्रंथीचा दाह. औषधाने उतरली नाही तर स्कॅन. नजर कमी झाली तर त्याच दिवशी.