'कट्यार काळजात घुसली' हे नाटक की मैफल? स्पष्ट बोला

डोंबिवलीकर :
संगीत नाटकांवर लहानपणापासून जीव आहे, घरी सौभद्रच्या कॅसेट फीत झिजेपर्यंत वाजायच्या. पण एक मत पक्कं झालंय, पद, म्हणजे नाटकातलं गाणं, संपल्यावर गोष्ट होती तिथेच उभी असेल तर पद कितीही गोड असू दे, नाटकाच्या कामाचं नाही. या हिशोबाने मला 'देवबाभळी' हे नाटक कट्यारपेक्षा मोठं वाटतं. दोनच बायका, तुकोबांची आवली आणि तिच्या पायात काटा रुतला म्हणून विठ्ठलाने पाठवलेली रखुमाई, जी लखुबाई होऊन तिच्या घरात राबते. समोर कोण आहे ते आवलीला माहीत नाही आणि राग मात्र दोघींचा त्या एकाच काळ्यावर. तिथे गाणं येतं ते त्या रागातूनच येतं. कट्यारला लोक 'सुरत पिया की' कधी येतंय याची वाट बघत बसतात, संवाद चालू असताना कुजबुज चालू.

तानपुरा :
सपशेल असहमत. अहो कट्यारचा विषयच गाणं आहे, मग गाणं बाजूला काढून उरेल काय? पंडितजी आणि खाँसाहेब हे त्यातले दोन प्रतिस्पर्धी गायक. 'घेई छंद मकरंद' आठवा, शब्द तेच पण पंडितजींच्या घराण्यात ठाय म्हणजे संथ, शांत आणि खाँसाहेबांच्या गळ्यात तेच आक्रमक. दोन माणसांमधलं अख्खं वैर संगीतकार अभिषेकीबुवांनी दोन चालींत मांडलंय, नाटककार दारव्हेकरांना त्यासाठी वेगळा संवाद लिहायची गरजच नाही. खाँसाहेब विद्या देत नाहीत म्हणून गाणं शिकायला आलेला सदाशिव नोकर बनून हवेलीत शिरतो, चोरून ऐकतो, म्हणजे तिथली प्रत्येक तान ही चोरी जाणारी वस्तू आहे, याहून जास्त नाट्य अजून कुठलं हवं? १९६७ मध्ये खाँसाहेब म्हणून गायक वसंतराव देशपांडे उभे राहिले ते उगाच नाही, तिथे नुसता नट चालणारच नव्हता.

मागची रांग :
मी डोंबिवलीकरांच्या बाजूने, पण खरा दोष वन्समोअरचा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली दारुड्याची बायको सिंधू, फाटकं लुगडं, घरात दाणा नाही, आणि आपण टाळ्या पिटून तिला तेच पद परत गायला लावतो? बालगंधर्वांच्या काळापासून हे चालू आहे. त्या नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीतच, ती वि. सी. गुर्जरांची, आणि मला ते जाणवतं, गद्य इतकं धारदार आहे की पद आलं की पकड सुटते.

तानपुरा :
पकड सुटते?? 'कशि या त्यजू पदाला' ऐकून बघा एकदा. नवऱ्याला सोडून माहेरी चल म्हणतात तेव्हा ती नाही म्हणते, ते गद्यात सांगितलं असतं तर वाद झाला असता, गाण्यात तो तिचा निश्चय होतो. गुर्जरांनी लिहिलं म्हणून काय बिघडलं.

फोंडेकर :
आमच्याकडे गोव्यात देवळाच्या उत्सवात गावचीच पोरं संगीत नाटक करतात, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतं, म्हातारी माणसं शाल घेऊन बसलेली असतात आणि पद चुकलं तर खालून सांगतात. कला अकादमीची संगीत नाटकांची स्पर्धाही दरवर्षी असते. तिथे मला कळलं की घोटाळा पदांचा नाही, कात्रीचा आहे. सौभद्र १८८२ चं, मुळात शंभरावर पदं. शहरात ते तीन तासांत बसवायला गद्य छाटतात आणि लोकप्रिय पदं ठेवतात, मग पदं लोंबकळणारच. नारद 'राधाधर मधुमिलिंद' गात येतो त्याच्या पुढचा अर्जुनाशी संवाद अख्खा ठेवा. सुभद्रा दुर्योधनाला द्यायचा बेत आहे हे सांगून अर्जुनाला कामाला लावणारा हाच नारद, म्हणून ते प्रसन्न पद तिथे हवंच.

डोंबिवलीकर :
कात्रीचं पटलं, हे डोक्यात नव्हतं. कट्यारबद्दल मात्र मी हटत नाही. शेवटी खाँसाहेबांच्या हातात कट्यार, समोर सदाशिव, राजाने दिलेल्या त्या कट्यारीने केलेला एक खून माफ आहे आणि मला भीती वाटायला हवी, पण तोवर एवढं गाणं ऐकून झालेलं असतं की मी रागच ओळखत बसतो. देवबाभळीत रखुमाई आवलीची जखम बघते तेव्हा मला कुठला राग आहे ते सुचतही नाही.

तानपुरा :
मला त्या कट्यारीची भीती वाटते, दर प्रयोगाला वाटते. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून खाँसाहेबांचा चेहरा बघा, तानेकडे कान राहू द्या.