संगीताचा ग्रंथ: जाळला, की कधी नव्हताच?

मंद्रसप्तक: काल इथे एकाने ठोकून दिलं की कन्फ्यूशियस परंपरेतला सहावा ग्रंथ, संगीताचा 'युएजिंग', छिन सम्राटाने इ.स.पू. २१३ मध्ये जाळला, विषय संपला. अहो, हुकूम तर 'शिजिंग' या काव्यसंग्रहातली गीतं जाळायचाही होता, ती कशी राहिली मग? लोकांना तोंडपाठ होती म्हणून! मग एकटं संगीतच बरं जळालं. माझ्या मते असा ग्रंथच नव्हता, जे होतं ते वाजवणाऱ्यांच्या हातात होतं. हान राजवटीच्या इतिहासात वादकांच्या एका घराण्याबद्दल लिहिलंय, घंटा नि नगारे वाजवायला त्यांना यायचं, पण त्याचा अर्थ सांगता यायचा नाही.

जुनीपोथी: नव्हताच म्हणायला काय जातं. १९९३ ला ग्वोदियनच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या निघाल्या, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या, म्हणजे जाळपोळीच्या आधीच्या. त्यात सहाही ग्रंथांची नावं ओळीने आहेत, संगीतासकट.

मंद्रसप्तक: नाव आहे, मजकूर कुठाय? वेळापत्रकात रियाज लिहिला म्हणून रियाजाचं पुस्तक असतं का?

चीजवाली: हे आपल्याकडे डोळ्यांदेखत झालंय. माझ्या आजोबांचे गुरू चीजांची, म्हणजे बंदिशींची वही ट्रंकेत कुलपात ठेवायचे. आजोबांनी बारा वर्षं त्यांच्याकडे पाणी भरलं, जयजयवंती रागातल्या एका चीजेची अस्ताई, म्हणजे पहिला भाग मिळाला, पुढचा अंतरा नाही. गुरुजी गेल्यावर ट्रंक उघडली तर वहीला कसर लागलेली. शब्द अर्धेमुर्धे, स्वर एकाही पानावर नाहीत, फक्त समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या अक्षराखाली लाल शाईचा ठिपका. सम्राट कशाला लागतो जाळायला?

तालीमवेडी: गुरूंना दोष देणं आता बास झालं. पुस्तकातून उचललेली चीज ऐकलीये का कधी? त्यातली मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठे लिहिता येते? अपात्र शिष्याला न देणं हीसुद्धा जबाबदारीच असते.

चीजवाली: अपात्र? बारा वर्षं पाणी भरून माणूस अपात्र? भातखंडे उस्तादांकडून चीजा मिळवत गावोगाव हिंडले, क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग केले, म्हणून आज निदान सांगाडा तरी आहे. तुमच्या मींडेपायी आमचा अंतरा गेला त्याचं काय?

जुनीपोथी: भांडण थांबवा, मूळ मुद्द्यावर या. १९७८ मध्ये सुइचौला त्संग संस्थानच्या यी या सरदाराच्या थडग्यात काशाच्या ६५ घंटा मिळाल्या, इ.स.पू. ४३३ च्या सुमाराच्या. एकाच घंटेतून दोन स्वर निघतात, मधोमध ठोकलं की एक, कडेला ठोकलं की दुसरा, आणि कुठल्या राज्यात कुठल्या स्वराला काय म्हणतात ते घंटांवरच कोरलंय. इतकं लिहिणारे लोक ग्रंथ लिहिणार नाहीत?

मंद्रसप्तक: बरं, घंटांचं मान्य, शास्त्र लिहिलं जात होतं. पण ते घंटेवर आहे, ग्रंथात नाही. 'लीजी' या विधींवरच्या ग्रंथात संगीतावरचा अध्याय शिल्लक आहे तो वाचा, संगीताने मन कसं घडतं, राज्य कसं चालतं ते सगळं आहे, ठोका कुठे द्यायचा ते नाही. ते सांगणारा माणूस गेला की गेलं. चीजवालीताईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला पटतं.

तालीमवेडी: मला नाही पटत, अजूनही. पण ती जयजयवंती कुठल्या तालात होती? झपतालातली एक आमच्याकडे आहे, अंतऱ्यासकट. अस्ताईचे शब्द टाका, बघते.